करंगळीवरचा आकडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. धाकट्या बहिणीला सांगायचं म्हणून एकदा मुद्दाम तिच्या घरी दौंडला गेले, तिच्यासमोर बसले — आणि तिच्या पोरांच्या शाळेबद्दल बोलून परत आले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. सांगताना समोरच्याचा चेहरा बदलताना बघावा लागणार नाही, म्हणून असेल. म्हणजे हाही भित्रेपणाच झाला.

बोटाला लावायचं ते छोटं मशीन तुमच्याही घरात असेल. साथीच्या काळात घरोघरी आलं आणि मग औषधांच्या डब्यात थर्मामीटरशेजारी पडून राहिलं. चिमट्यासारखं उघडायचं, बोट आत घालायचं, आत लाल उजेड लागतो, आणि रक्तात ऑक्सिजन किती आहे ते आकड्यात दिसतं. त्या मशीनबद्दलच सांगायचंय — नाही, मशीनचं काहीच चुकलं नव्हतं. मशीन शेवटपर्यंत चांगलं होतं.

मी शिरूरला राहते. एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. दिवसभर पार्ट तपासायचे, माप बघायचा गेज लावायचा, रीडिंग घ्यायचं. गेज तिरका बसला की चांगला पार्टही रिजेक्ट होतो, हे मी नवीन पोरींना शिकवते. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही.

माझे वडील, आबा, भांडगावचे. एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी दौंड-पुणे रस्त्यावर गेली. आई गेल्यावर ते भांडगावच्या घरात एकटे राहायचे. मी कितीदा म्हटलं, शिरूरला या. ते म्हणायचे, "बघू की." मग साथ ओसरल्यानंतरच्या एका थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा आबा धड बोलूही शकत नव्हते. शिरूरला आणून दवाखान्यात ठेवलं. बरेच दिवस ऑक्सिजनवर होते. त्यातून उठले. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसाला थोडा डाग राहिलाय, पण माणूस चिवट आहे. घरी न्या, रोज ऑक्सिजन तपासा, आठवड्यातून एकदा आकडा मला फोनवर कळवा. चौऱ्याण्णवच्या वर असला की हिंडू-फिरू द्या, गावाला गेले तरी हरकत नाही. नव्वदच्या खाली आला की झोपवून ठेवा आणि मला लगेच फोन करा.

निघताना तिथल्या सिस्टरनं मला सगळं नीट दाखवलं. हात गार असेल तर आधी चोळून ऊब आणायची. मधलं बोट घ्यायचं. नख वरच्या बाजूला, बोट टोकापर्यंत आत गेलं पाहिजे. हात छातीजवळ टेकवून ठेवायचा, हलवायचा नाही. उन्हात धरायचं नाही. आणि पहिला आकडा खरा मानायचा नाही, तो स्थिर होईपर्यंत थांबायचं. बोट अर्धवट आत गेलं की बाजूनं उजेड शिरतो आणि आकडा उगाच खाली दिसतो, म्हणाली. आबा पलंगावर बसून ऐकत होते. मी मान हलवत होते. एवढं साधं होतं ते.

आता शालनबाईंचं सांगायला हवं. इथंच मी अडखळते.

यवतला हायवेच्या कडेला त्यांचं चहा-नाष्ट्याचं छोटं दुकान होतं. नवरा तरुणपणीच गेलेला. आबांची गाडी तिथं थांबायची, तेव्हापासूनची ओळख. आई असताना ती नुसती ओळखच होती, हे मला माहीत आहे. आबांवर तसला आरोप मी मनातही केला नाही. आई गेल्यावर आबा अधूनमधून यवतला जायला लागले. मग रोज. सगळे शालनबाईंना मावशी म्हणायचे. मी कधी म्हटलं नाही. मी "अहो" म्हणायचे, तेवढंच.

दवाखान्यातून आल्यावर पंधरवडाभरात आबा सावरले. घरात फिरायचे, गॅलरीत उभे राहायचे. आणि एक दिवस जेवता जेवता मला म्हणाले, "सुमे, मी यवतला ऱ्हावं म्हंतो. शालनची बी तीच इच्छा हाय. दोघं एकमेकाला बघू. तुला सांगून करावं म्हटलं." सरळ म्हणाले. लपवून केलं असतं तर माझी सोय झाली असती.

लोक काय म्हणतील — मी हेच म्हटलं. त्यांना म्हटलं आणि स्वतःलाही कितीतरी दिवस हेच सांगत राहिले. भांडगावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, सासरचे हसतील, या वयात हे काय. पण खरं सांगू? लोकांची मला तेवढी भीती नव्हतीच. लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. माझं दुखणं दुसरंच होतं.

आबांच्या आजारपणाआधी एकदा मी न कळवता भांडगावला गेले होते. घराला कुलूप. शेजारची बाई हसून म्हणाली, यवतला असतील. मी तशीच जीपमध्ये बसून यवतला गेले. रस्त्याच्या या बाजूला उभी राहिले. पलीकडं दुकानात आबा बाह्या वर करून चहाचे ग्लास विसळत होते. शालनबाई काहीतरी बोलल्या आणि आबा हसले — मोठ्यानं, मान मागं टाकून. मी माझ्या बापाला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरात ते ड्यूटीवरून यायचे, पाय धुवायचे, ताटावर बसायचे. आई शेवटच्या आजारात होती तेव्हाही चहा तिनंच उठून केला होता. आबांनी तिला कधी पाण्याचा तांब्या भरून दिल्याचं मला आठवत नाही. आणि इथं ग्लास विसळत होते.

मी न भेटता परत फिरले. ते मी आबांना कधी सांगितलं नाही.

पहिल्यांदा झालं ते ठरवून झालं नव्हतं. आबांनी यवतला जायचा दिवस ठरवला होता. सकाळी गार पाण्यानं हातपाय धुऊन, शर्ट-पँट घालून, पिशवी भरून बसले होते. मला कामावर जायची घाई. मी त्यांचा ओला हात घेतला आणि हाताला लागेल त्या बोटाला मशीन लावलं. करंगळी होती. बारीक बोट, अर्धंच आत गेलेलं. सत्त्याऐंशी दाखवलं.

आबांचा चेहरा पडला. दवाखान्यातले ते दिवस त्यांच्या डोळ्यांपुढं आले असतील, श्वास मिळत नाही म्हणून पलंगाची दांडी पकडून बसलेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "कमी हाय का?"

त्या वेळी मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, थांबा आबा, हात गार आहे, पुन्हा लावते. मला कळत होतं. करंगळीच्या बाजूनं लाल उजेड बाहेर सांडत होता, तो मला दिसत होता. मी म्हटलं, "हो, कमी आहे."

त्यांनी शर्टाची बटणं काढली आणि पडून राहिले. पिशवी मी कपाटात ठेवली. कामावर गेले, दिवसभर गेज लावले.

पुढं मात्र मी ठरवूनच केलं. ते यवतचं नाव काढायचे, तेव्हाच. त्या दिवशी हात चोळायचा नाही. करंगळी घ्यायची, टोकाला मशीन अडकवायचं, खिडकीतल्या उन्हाकडं हात धरायचा, आणि आकडा वर चढायच्या आत मशीन काढून घ्यायचं. पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. आबा विचारायचे, "डॉक्टरला फोन केला का?" मी म्हणायचे, केला, पडून राहा म्हणालेत. फोन केलेला नसायचा. डॉक्टरांना कळवायचा दिवस आला की मात्र नीट लावायचे — मधलं बोट, ऊब आणून, थांबून — आणि आबांना न दाखवता, गॅलरीत जाऊन खरा आकडा फोनवर सांगायचे. पंच्याण्णव, शहाण्णव. डॉक्टर म्हणायचे, छान आहे, चालवा त्यांना. मी हो म्हणायचे.

रात्री आबांचा डोळा लागला की मी हळूच त्यांच्या मधल्या बोटाला मशीन लावून बघायचे. कशाला? त्यांना काही होत नाहीये ना, याची खात्री करायला. खरा आकडा मला रोज माहीत असायचा. म्हणून मी निवांत होते. आणि ते पलंगावर पडून स्वतःचा श्वास मोजत होते.

हे तुम्हाला नीट कळावं असं मला वाटतं. मी त्यांना मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. दोन्ही वेळा गरम जेवण, औषध वेळेवर. मी त्यांना फक्त घाबरवून ठेवलं. जिना उतरले नाहीत, गॅलरीत जायचं सोडलं. पायांचे स्नायू गेले. न्हाणीपर्यंत जाताना भिंतीला हात धरायला लागले आणि म्हणायचे, दम लागतोय. दम लागत होताच, पण तो पडून राहिल्यानं. थंडी संपली, उन्हाळा आला, तरी मी चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढून देत होते.

शालनबाई एकदा आल्या. चौफुल्याला गाडी बदलून, न्हावऱ्यामार्गे, उन्हाच्या. डब्यात आबांना आवडतात म्हणून धपाटी आणली होती. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्या आबांच्या पलंगापासून लांबच बसल्या, माझ्या घरात आहोत हे लक्षात ठेवून. आबा यवतचं विचारत होते — कोण येतं, गर्दी असते का, पुढचं गॅरेज सुरू झालं का. त्या बारीक बारीक सांगत होत्या. मग माझ्याकडं वळल्या.

"ताई, मी न्हेऊ का त्यांना? जीप करीन. दवाखाना हाकेवर हाय आमच्या तिथं. मी दुकान बंद ठेवून बघीन, तुमी काळजी करू नका."

आबा उठून बसले. त्यांना वाटलं असावं, आता ठरतंय.

मी उठले, मशीन आणलं. म्हटलं, ऑक्सिजन बघू, त्यावर ठरवू. दोघंही माझ्याकडं बघत होते — किती विश्वासानं बघत होते. मी आबांची करंगळी घेतली. शालनबाईंना आकडा दिसावा म्हणून मशीन त्यांच्याकडं वळवलं. चौऱ्याऐंशी.

त्यांना एवढंच माहीत होतं की नव्वदच्या खाली वाईट. साथीत सगळ्यांनाच ते माहीत झालं होतं. त्यांनी वाकून आकडा बघितला आणि मी मशीन काढून घेतलं. त्या म्हणाल्या, "न्हाई, न्हाई. मग हितंच ऱ्हाऊ द्या. वाटंत काय झालं तर मी काय करू?" उठल्या. जाताना आबांच्या पायावरची चादर सारखी केली. आबांना म्हणाल्या, "तुमी आधी बरं व्हा." धपाटीचा डबा मी घासून त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. हेही सांगायलाच हवं ना?

त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले. आबा फोन उशाशी ठेवून बसायचे. पाऊस सुरू झाला त्या सुमारास एक दिवस आबांनी मला सहज सांगावं तसं सांगितलं की शालननं दुकान दुसऱ्याला दिलं, सोलापूरकडं पुतण्याकडं राहायला गेली. एकटीनं किती दिवस काढायचे, म्हणाली. मी म्हटलं, बरं झालं, त्यांनाही आधार. आबा म्हणाले, "व्हय." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

आता शेवटचं. म्हणजे मला वाटत होतं, हेच शेवटचं असेल.

तपासणीसाठी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. रिक्षातून उतरवून, धरून धरून आत नेलं. सिस्टर दुसरी होती. तिनं आबांचा हात दोन्ही हातांत घेऊन चोळला, मधल्या बोटाला मशीन लावलं, थांबली. शहाण्णव. ती म्हणाली, काका, मस्त आहे, मग असे आजाऱ्यासारखे का चालता? आबा म्हणाले, "घरी तर पंच्याऐंशी येतं." तिनं माझ्याकडं बघितलं. आमचं मशीन माझ्या पर्समध्ये होतं. तिनं ते मागून घेतलं, आबांना लावलं. शहाण्णवच.

"मशीन चांगलं आहे," ती म्हणाली. "तुम्ही घरी लावता कसं? दाखवा बरं."

आबा माझ्याकडं बघत होते. मी काय करायला हवं होतं? नीट लावून दाखवलं तर मला येत होतं हे कळलं असतं. मी त्यांची करंगळी घेतली आणि मशीन टोकाला अडकवलं — मुद्दाम, अजाण बाईसारखं. आकडा खाली गेला. सिस्टर हसली, माझा हात धरून मला समजावून सांगू लागली. नख वर, बोट पूर्ण आत, थांबायचं. मी पहिल्यांदाच ऐकतेय अशी मान हलवत होते. आबांच्या समोर. ज्यांच्या समोर हेच सगळं मला आधी एकदा शिकवलं होतं. डॉक्टरांना आकडा कळवायच्या दिवशी मी मधलं बोट कसं चोळते, ते ज्यांनी कितीदा बघितलं होतं.

आबा म्हणाले, "तिला कामाच्या गडबडीत जमत न्हाई, सिस्टर. तिचा दोष न्हाई."

त्यांनी मला वाचवलं. आणि मी वाचले.

घरी आल्यावर मी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं — कसं विचारवलं मला? — "आबा, आता बरे आहात. त्यांना सोलापूरकडं भेटायला जायचं का? मी येते बरोबर." आबा पाणी प्यायले. म्हणाले, "कशाला. ती लागली आसंल तिथल्या कामाला." थोड्या वेळानं म्हणाले, "तुझ्या आईला मी कवा सुख दिलं न्हाई. मला म्हाईत हाय ते." एवढंच. मी त्यांना कधी तसं बोलले नव्हते. एकदाही नाही. पण त्यांना कळलं होतं — काय केलं ते, आणि कशासाठी केलं तेही. वर्षानुवर्षं गर्दीतली माणसं चेहऱ्यावरून ओळखलेला माणूस तो.

त्यानंतर ते पुन्हा चालायला लागले. जिना उतरायचे, कोपऱ्यावरून दूध आणायचे. एकदा मी कामावरून आले तर त्यांनी माझ्यासाठी चहा करून ठेवला होता. मला तो पिता येईना. दीडेक वर्ष ते आमच्याकडं राहिले आणि एका सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदय बंद पडलं. फुफ्फुसाचा काही संबंध नव्हता. त्या दीड वर्षात त्यांनी यवतचं नाव काढलं नाही, आणि मी माफी मागितली नाही. रोज वाटायचं, आज म्हणावं. मग स्वयंपाक असायचा, शिफ्ट असायची. ते गेले तेव्हा मी शालनबाईंना कळवलं नाही. आबांच्या फोनमध्ये त्यांचा नंबर होता. मी बघितला होता.

काही महिन्यांनी त्यांचाच फोन आला, आबांच्या फोनवर. मी उचलला. माझा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, झोपलेत का? मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, लांबून आल्यासारख्या आवाजात,

"लई दिस रेटलं त्यांनी. तुमच्यामुळं, ताई. मी तवा हट्टानं न्हेलं आसतं तर माझ्या हातूनच गेलं आसतं. तुमी येळेला मशीन लावून दाखवलं म्हणून मी पापातनं वाचले."

मी तेव्हा सांगू शकले असते. घरात कुणी नव्हतं. मी म्हटलं, "तब्येत सांभाळा." आणि फोन ठेवला.

शालनबाई अजून आहेत. गेल्या महिन्यात यवतला कुणीतरी सांगितलं, तिकडंच पुतण्याकडं असतात, गुडघे दुखतात, बाकी बऱ्या आहेत. त्या अजून तेच धरून बसल्या आहेत, की आबांना नेलं असतं तर ते त्यांच्या हातून गेले असते. नंबर माझ्याकडं आहे. मी फोन केलेला नाही.